दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : लेखणी, कारभार आणि क्षमा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होत असलेल्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाने केली. मी पडलो कापडाचा व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी आणि चाळीस वर्षांची गादी, एवढीच माझी शिदोरी. तथापि व्यापाऱ्याला एक गोष्ट निश्चित कळते. वर्ष संपले की वही मांडावी, येणे-देणे पाहावे आणि पुढील वर्षात शिल्लक काय ओढायची ते ठरवावे. संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हाही एका अर्थाने वही मांडण्याचाच प्रसंग होय. अशा वेळी आपल्या आधी ज्यांनी जैन समाजात संस्था उभ्या केल्या, त्यांचे पुण्यस्मरण करणे हे आपले कर्तव्य ठरते. म्हणून दक्षिण महाराष्ट्राचे थोर समाजसेवक, संपादक, कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे चरित्र मी येथे माझ्या अल्पमतीप्रमाणे सादर करीत आहे.

नाशिककरांना हे नाव कदाचित फारसे परिचित नसेल. आपल्याकडील बहुतेक जैन घराणी मारवाड, मेवाड, गुजरात, कच्छ या भागांतून व्यापारानिमित्त येथे आली. त्यामुळे जैन म्हणजे व्यापारी, असे समीकरण आपल्या आणि इतरांच्याही मनात पक्के बसले आहे. म्हसरूळच्या गजपंथ क्षेत्रावर किंवा बागलाणातील मांगीतुंगीला यात्रेसाठी सांगली-कोल्हापूरकडील दिगंबर बांधव येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावरील फेटा व मुखातील रांगडी मराठी ऐकून आपल्याला नवल वाटते. कृष्णा, पंचगंगा आणि दूधगंगेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा, मराठी व कन्नड बोलणारा हा जैन शेतकरी समाज आहे. अण्णासाहेब लठ्ठे हे या समाजाचे सुपुत्र.

आणखी एक धागा आपल्या नाशिक शहराशी जुळतो. गंगापूर रस्त्यावरील उदोजी मराठा बोर्डिंगच्या वास्तूची कोनशिला १९२० साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या हस्ते बसविण्यात आली, हे आपण जाणतो. जाती-जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढून त्यांना शिक्षणाची वाट मोकळी करून देण्याचा जो उपक्रम महाराजांनी कोल्हापुरात सुरू केला, त्याचाच प्रसाद नाशिकला मिळाला. त्या उपक्रमाच्या अगदी आरंभी, १९०१ साली, कोल्हापुरात जी वसतिगृहे निघाली, त्यांत दिगंबर जैन बोर्डिंग हे एक होते. त्या बोर्डिंगच्या पाठीशी ज्या तरुणांची तळमळ होती, त्यांत अण्णासाहेब अग्रभागी होते. शाहू महाराज आणि अण्णासाहेब यांचे संबंध पुढे कसे बिघडले आणि अण्णासाहेबांनी त्यावर कसे उत्तर दिले, हा या चरित्राचा गाभा आहे.

जन्म, शिक्षण आणि स्तवनिधीचा संकल्प

अण्णासाहेबांचा जन्म १८७८ साली पंचगंगा-कृष्णा संगमाच्या परिसरातील कुरुंदवाड या गावी झाला. कुरुंदवाड हे त्या काळी पटवर्धनांचे लहानसे संस्थान होते. जैन शेतकऱ्यांच्या घरात त्या दिवसांत अक्षरओळख हीच मोठी गोष्ट. मुलगा जरा हाताशी आला की त्याने औताला लागावे, हा शिरस्ता. अशा परिस्थितीत अण्णासाहेबांनी इंग्रजी शिक्षण घेतले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजपर्यंत मजल मारली आणि एम. ए. व एलएल. बी. या पदव्या संपादन केल्या. ज्या समाजात मॅट्रिक झालेला तरुण शोधावा लागे, त्या समाजातील हे यश किती अपूर्व होते, याची कल्पना आज घरोघरी पदवीधर असताना येणे कठीण आहे.

विद्या मिळाली की माणूस आपल्या गावापासून आणि समाजापासून दूर जातो, हा नेहमीचा अनुभव. अण्णासाहेबांच्या बाबतीत उलट घडले. निपाणीजवळ स्तवनिधी हे डोंगराच्या कुशीत वसलेले प्राचीन जैन क्षेत्र आहे. तेथे ३ एप्रिल १८९९ रोजी दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. बेळगावचे वकील अण्णाप्पा फडेप्पा चौगुले आदी कार्यकर्त्यांसमवेत या स्थापनेत अण्णासाहेबांचा पुढाकार होता. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे! यात्रेला जमणारा समाज देवदर्शन करून व प्रसाद घेऊन घरी परततो. त्याच समाजाने वर्षातून एकदा एकत्र बसून आपल्या मुलांच्या शिक्षणाचा, रूढींचा व ऐक्याचा विचार करावा, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. सभेने १९९९ साली आपली शंभर वर्षे पूर्ण केली. वीस वर्षांच्या तरुणांनी लावलेले रोप शतायुषी व्हावे, यापरते त्यांच्या दूरदृष्टीचे दुसरे प्रमाण कोणते?

संपादक अण्णासाहेब

संस्था काढणे सोपे, पण ती लोकांच्या मनात रुजविणे अवघड. त्यासाठी अण्णासाहेबांनी लेखणी हाती घेतली. मराठी जैन पत्रकारितेचा पाया सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८४ साली जैन बोधक हे मासिक काढून घातला होता. त्या काळी शास्त्रग्रंथ छापण्यालाच समाजातील सनातनी मंडळींचा कडवा विरोध होता. छापखान्यात शास्त्राचा अविनय होतो, अशी त्यांची धारणा. अशा वातावरणात धर्म आणि समाज यांच्याविषयी छापील मासिकातून उघड चर्चा करणे हे धाडसच होते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने आपले जिनविजय हे पत्र सुरू केले आणि त्याच्या संपादनाची धुरा अण्णासाहेबांनी वाहिली. पुढे हेच पत्र प्रगति आणि जिनविजय या जोडनावाने घराघरांत पोहोचले. नावातच त्यांचा विचार सामावलेला आहे. जिनधर्माचा विजय हवा असेल तर प्रगतीची वाट सोडून चालणार नाही, आणि प्रगती हवी असेल तर धर्माची नाळ तोडून भागणार नाही.

या पत्राचा वाचक कोण होता, हे ध्यानी घेतले पाहिजे. खेड्यातील पाटील, बस्तीचा उपाध्ये, एखादा शिक्षक आणि क्वचित एखादा शिकलेला शेतकरी. अंक आला की चावडीवर किंवा बस्तीच्या ओट्यावर एकाने वाचायचा आणि दहांनी ऐकायचा. अशा वाचकाला मुलाला शाळेत घालण्याचे, वसतिगृहासाठी मूठभर धान्य देण्याचे आणि जुन्या रूढी तपासून पाहण्याचे महत्त्व पटवून द्यायचे होते. हे काम विद्वत्तेच्या प्रदर्शनाने होत नाही. त्यासाठी सोपी भाषा आणि अखंड चिकाटी लागते.

मराठीतून समाजाशी बोलत असतानाच इंग्रजी जाणणाऱ्या जगालाही जैन धर्माची यथार्थ ओळख व्हावी, ही त्यांची आकांक्षा होती. त्या काळात जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आढळे. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी १८८४ साली आपल्या आगमांच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत या मताचे साधार खंडन केले होते. तरी सामान्य इंग्रजी वाचकाच्या हाती देता येईल असे भारतीय जैनाने लिहिलेले सुबोध पुस्तक दुर्मीळ होते. अण्णासाहेबांनी १९०५ साली जैन धर्माचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध करून ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी ते सत्तावीस वर्षांचेही नव्हते.

वसतिगृहाच्या कामी मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांचेही साहाय्य लाभले. मुंबईच्या झवेरी बाजारातील गुजराती शेठ आणि कुरुंदवाडच्या शेतकरी कुळातील पदवीधर, यांची भाषा वेगळी, राहणी वेगळी. परंतु विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवणाची सोय झाली पाहिजे, या एका विचाराने दोघे एकत्र आले. आज आपल्या ट्रस्टमध्ये मारवाडी, गुजराती, कच्छी व मराठी भाषक साधर्मिक बंधू एका चटईवर बसून काम करतात. त्या परंपरेचा हा एक जुना पुरावा आहे.

कोल्हापूर : मान आणि वनवास

अण्णासाहेबांची बुद्धिमत्ता शाहू महाराजांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारपदावर त्यांची नेमणूक झाली. बहुजन समाजाला विद्या मिळावी, हा महाराजांचा ध्यास. अण्णासाहेबांचाही तोच. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली, तेव्हा भास्करराव जाधव यांच्यासारख्या धुरीणांबरोबर अण्णासाहेबही त्या चळवळीशी निगडित होते. राजा आणि विद्वान यांची वाट एकच आहे, असे सर्वांना वाटत होते.

परंतु दरबार म्हटला की कानगोष्टी आल्या, गट आले, मत्सर आला. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. तो काळ असा की, संस्थानी मुलुखात इंग्रज बादशहाच्या प्रतिमेचा अवमान म्हणजे खुद्द संस्थानवरच बालंट. तपासाची चक्रे वेगाने फिरू लागली आणि संशयाचे बोट अण्णासाहेबांकडे वळले.

या प्रसंगात दुसरे एक तेजस्वी जैन नाव पुढे येते, ते कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव हे कोल्हापूरला शिक्षणासाठी आले तेव्हा याच जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. बोर्डिंगच्या सोवळ्या-ओवळ्याच्या कडक नियमांशी या बंडखोर विद्यार्थ्याचे जुळले नाही आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे ज्या संस्थेशी अण्णासाहेबांचे नाव जोडलेले होते, तेथून भाऊराव काही प्रेमाच्या आठवणी घेऊन बाहेर पडले नव्हते. डांबर प्रकरणात भाऊरावांना पकडण्यात आले आणि अण्णासाहेबांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, यासाठी त्यांच्यावर दडपण आणले गेले. एक होकार दिला असता तर सुटका होती. मनात जुना राग असता, तर तो काढण्याची आयतीच संधी होती. भाऊरावांनी नकार दिला. त्यांचा अनन्वित छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटा शब्द मुखावाटे काढला नाही. अखेर त्यांची सुटका झाली. सत्य हे आपल्या पाच अणुव्रतांपैकी दुसरे. ते पाळताना देहाचे मोल द्यावे लागते, हे पंचविशीतील एका तरुणाने कोठडीत दाखवून दिले.

अण्णासाहेबांना मात्र कोल्हापूर सोडावे लागले. जेथे बोर्डिंग उभारले, जेथे अध्यापन केले, जेथे संस्थानच्या शिक्षणाची घडी बसविण्यास हातभार लावला, ते गाव सोडून ते बेळगावला आले आणि वकिली करू लागले. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी माणूस स्थिरस्थावर होऊ पाहतो. त्या वयात अण्णासाहेबांना नव्या गावी, माथ्यावर संशयाचा डाग घेऊन, नव्याने खाते उघडावे लागले.

बेळगाव आणि डेक्कन रयत

अन्याय झालेला माणूस दोन प्रकारे वागू शकतो. एक तर तो त्या अन्यायाचीच उजळणी करीत राहतो, नाहीतर हातातील काम पुढे चालू ठेवतो. अण्णासाहेबांनी दुसरा मार्ग निवडला. बेळगावात वकिली करीत असतानाच त्यांनी शेतकरी व ब्राह्मणेतर समाजाच्या राजकीय हक्कांच्या चळवळीत स्वतःला झोकून दिले.

१९१७ साली भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानात आले आणि नव्या राजकीय सुधारणांची चर्चा देशभर सुरू झाली. कौन्सिले वाढणार, निवडणुका होणार. पण त्या कौन्सिलांत शेतकऱ्याचा माणूस असणार की नाही? वालचंद कोठारी यांचे जागरूक हे पत्र मराठीतून हा प्रश्न विचारीत होते. विशेष म्हणजे कोठारी हेही जैनच. परंतु राज्यकर्त्यांच्या कानापर्यंत जायचे तर इंग्रजीत बोलणे आवश्यक होते. हे जाणून अण्णासाहेबांनी १९१८ साली डेक्कन रयत या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादन हाती घेतले. दक्षिणेतील रयतेचे गाऱ्हाणे साहेबाच्या भाषेत, पण रयतेच्या बाजूने मांडणारे हे पत्र होते. पत्राला शाहू महाराजांचा आधार होता. ज्या दरबाराच्या रोषामुळे गाव सोडावे लागले, त्याच दरबाराच्या धन्याबरोबर अवघ्या चार वर्षांत रयतेच्या कामासाठी अण्णासाहेब पुन्हा खांद्याला खांदा लावून उभे होते. स्वतःचा मान त्यांनी बाजूला ठेवला आणि कार्य पुढे ठेवले.

या चळवळीला काही प्रमाणात यश आले. १९१९ च्या कायद्यान्वये मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात मराठा व तत्सम समाजांसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. याच सुधारणांनुसार झालेल्या निवडणुकीनंतर अण्णासाहेब केंद्रीय कायदेमंडळात गेले. बस्तीच्या ओट्यावर वाचल्या जाणाऱ्या पत्राचा संपादक आता देशाच्या विधिमंडळात बोलू लागला होता.

शत्रूचे नव्हे, राजाचे चरित्र

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. सत्तेचाळीस वर्षांचे आयुष्य. पण त्या अवधीत त्यांनी समाजाची घडी बदलली होती. महाराजांचे विस्तृत आणि साधार चरित्र लिहिले जाणे आवश्यक होते. ते कोणी लिहावे? महाराजांच्या मर्जीतील माणसे पुष्कळ होती. परंतु हे काम अण्णासाहेब लठ्ठे यांनी केले. १९२४ साली महाराजांचे इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यात महाराजांचा पत्रव्यवहार आणि संस्थानचे कागदपत्र यांचा मोठा साठा एकत्र आला. त्यानंतर शाहू महाराजांवर ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्या सर्वांना या ग्रंथाचा आधार घ्यावा लागला.

क्षणभर विचार करा. ज्या राजाच्या राज्यात आपल्यावर बालंट आले, जेथून आपणास बाहेर पडावे लागले, त्याच राजाचे जीवनकार्य जगापुढे मांडण्याची जबाबदारी हाती आली. राजा आता हयात नाही. उलट उत्तर द्यायला कोणी समोर नाही. लेखणी आपली, कागद आपला. मनात अढी असती तर ती दोन खंडांत कोठेही उतरवता आली असती. अण्णासाहेबांनी महाराजांना समाजक्रांतीचा धुरंधर म्हणून जगापुढे उभे केले. वेदोक्त प्रकरण, १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वसतिगृहे या सर्व कार्याचा गौरव त्यांनी केला. ही क्षमा केवळ मुखाने उच्चारलेली नाही. वर्षानुवर्षे बसून, कागद तपासून, पानेच्या पाने लिहून केलेली ही क्षमा आहे.

आणि भाऊराव पाटील? त्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले. नाव कोणते? छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस! कोल्हापूरच्या कोठडीत ज्याचा छळ झाला, त्याने आपल्या लेकरांच्या घराला कोल्हापूरच्याच राजाचे नाव दिले. एकाने ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने वसतिगृह अर्पण केले. दोघेही जैन मातेच्या उदरी जन्मलेले. दोघांनीही प्रसंग आणि व्यक्ती, दोष आणि कार्य यांत विवेक केला. एका प्रकरणातील अन्याय खरा होता, आणि त्या राजाचे लोकोत्तर कार्यही खरे होते. एकाच वस्तूची दोन अंगे एकाच वेळी सत्य असू शकतात, हे सांगणारा आपला अनेकांत व्यवहारात कसा उतरतो, याचे याहून सुंदर उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

दिवाण आणि अर्थमंत्री

पुढे कालचक्र पूर्ण फिरले. ज्या कोल्हापुरातून अण्णासाहेब बाहेर पडले होते, त्याच कोल्हापूरचे दिवाण म्हणून राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत ते सन्मानाने परतले. दिवाणपद म्हणजे संस्थानच्या कारभाराची किल्ली. संस्थानांच्या कारभाराचा हा अनुभव आणि हिंदुस्थानच्या भावी रचनेत संस्थानांचे स्थान काय असावे, याविषयीचा विचार त्यांनी १९३० साली संस्थानांच्या प्रश्नांवरील इंग्रजी पुस्तकात मांडला. सत्तेच्या खुर्चीत बसूनही संपादकाची लेखणी त्यांनी खाली ठेवली नाही.

१९३० नंतरच्या दशकात देशाचे वारे बदलले. ब्राह्मणेतर चळवळीतील अनेक कार्यकर्ते स्वातंत्र्याच्या प्रवाहात, काँग्रेसमध्ये सामील झाले. अण्णासाहेबही त्या वाटेने गेले. १९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेखाली निवडणुका झाल्या आणि जुलै महिन्यात बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. कन्हैयालाल मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर यांसारखे सहकारी त्यात होते. अर्थखाते अण्णासाहेबांकडे आले.

हे खाते त्या वेळी काट्यांचे आसन होते. काँग्रेसने जनतेला दारूबंदीचे वचन दिलेले. प्रांताच्या तिजोरीचा मोठा हिस्सा मात्र अबकारीच्या उत्पन्नातून येई. आम्हा व्यापाऱ्यांना हा पेच चटकन उमगतो. दुकानातील सर्वांत खपणारा माल उद्यापासून विकायचा नाही, पण नोकरांचे पगार, भाडे आणि उधारी मात्र पूर्वीप्रमाणेच भागवायची! मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांपैकी एक. घरात तो पाळणे सोपे. संपूर्ण प्रांताच्या जमाखर्चातून मद्याची रक्कम खोडून टाकणे आणि तरीही अंदाजपत्रकाची दोन टोके जुळविणे, हे या जैन अर्थमंत्र्याच्या वाट्याला आले.

२० जुलै १९३८ पासून अहमदाबादेत आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तूट भरून काढण्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला आणि विक्रीकराचे पाऊलही याच काळात पडले. घरमालक नाराज झाले, मद्याचे व्यापारी नाराज झाले, वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. त्यात आमच्यासारख्या व्यापारी मंडळींचाही सूर होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कर कोणालाच गोड लागत नाही. परंतु पापाच्या उत्पन्नावर चालणारा धर्मादाय खरा, की कष्टाच्या पैशातून दिलेला कर खरा, हा प्रश्न त्या अंदाजपत्रकाने विचारला होता. शेतकऱ्याच्या कर्जनिवारणाचा व कूळ संरक्षणाचा कायदाही याच मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली झाला. डेक्कन रयतच्या संपादकाला त्याचे विशेष समाधान वाटले असेल.

दुसरे महायुद्ध सुरू झाले. हिंदी जनतेला न विचारता देशाला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. अण्णासाहेबही पायउतार झाले. त्यांच्या मंत्रिमंडळाने सुरू केलेली दारूबंदी त्यानंतर सैल पडली आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने ती पुन्हा प्रांतभर आली. १९५० साली अण्णासाहेबांची जीवनयात्रा संपली. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी आज त्यांचे नाव धारण करून आहे. विद्यार्थ्यांच्या पायरवाने गजबजणारी वास्तू हेच त्यांना साजेसे स्मारक होय.

आपल्या वहीतील शिल्लक

सुज्ञ वाचकहो, अण्णासाहेबांचे चरित्र लिहिताना त्यांच्या पदव्या आणि पदे यांनी मी भारावून गेलो नाही, असे म्हणणार नाही. परंतु माझ्या मनाला अधिक भिडला तो १९१४ ते १९२४ हा दहा वर्षांचा कालखंड. आपण दरवर्षी पर्युषणाच्या अखेरीस संवत्सरी प्रतिक्रमण करतो. दिगंबर बांधव दशलक्षण पर्वाचा आरंभच उत्तम क्षमा या धर्माने करतात. मिच्छामि दुक्कडंची छापील कार्डे आपण शेकड्यांनी पाठविली, आता भ्रमणध्वनीवरून हजारोंनी संदेश पाठवितो. ज्यांच्याशी आपला कधी वाद झाला नाही, त्यांची क्षमा मागण्यात आपण सर्वांत पुढे असतो!

माझ्याही वहीत असे एक खाते आहे. फार वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील एका व्यापाऱ्याशी मालाच्या रकमेवरून वितुष्ट आले. चूक त्यांची होती, असे मी आजवर मानत आलो. दरवर्षी कार्ड पाठविले, पण त्यांच्या दुकानाची पायरी चढलो नाही. पायी गेले तर पाच मिनिटांचे अंतर! हा लेख लिहिताना त्या अंतराची मला लाज वाटली. अण्णासाहेबांनी ज्यांच्यामुळे गाव सोडले, त्यांच्या कार्याचा गौरव करण्यासाठी दोन खंड लिहिले. मला तर केवळ पाच मिनिटे चालायचे होते. लेख पूर्ण होण्यापूर्वी मी जाऊन आलो. तेथे काय बोलणे झाले ते सांगण्याचे कारण नाही. चहा झाला, एवढे सांगतो.

संस्था इमारतींनी मोठ्या होतात, देणग्यांनी चालतात. पण त्या टिकतात मात्र मतभेद पोटात घालून पुन्हा एकत्र बसणाऱ्या माणसांमुळे. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांतही मतभेदाचे प्रसंग आले असतील आणि पुढेही येतील. विश्वस्तांचे जमणार नाही, कोणी रुसून घरी बसेल, कोणाच्या कार्याची नोंद राहून जाईल. अशा वेळी कुरुंदवाडच्या या सुपुत्राचे स्मरण व्हावे. सुवर्णमहोत्सवी वर्षाची वही मिटताना जुन्या अढ्या पुढील पानावर ओढू नयेत. त्या येथेच जमा-नावे करून खाते बंद करावे आणि कार्याची शिल्लक तेवढी पुढील पन्नास वर्षांत न्यावी, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

लेखनात काही न्यूनाधिक झाले असल्यास, जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र!